आधी शेकहँड विसरायचा

मराठी घरात कुत्रा आला की पहिल्या महिन्यात त्याला 'सिट' शिकवतात आणि लगोलग 'शेकहँड'. पाहुणे आले की बिस्किट दाखवून पंजा मागायचा, त्याने तो दिला की घरभर कौतुक. पुण्यात एका मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी भरणाऱ्या वर्गात मात्र सगळ्यात आधी हा शेकहँडच विसरायला लावतात. इथल्या कुत्र्यांना पुढे वृद्धाश्रमात, विशेष मुलांच्या शाळेत, पुनर्वसन केंद्रात जायचं असतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाची कातडी पातळ झालेली असते, त्यात अनेकांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. कुत्र्याचं नख नुसतं घासलं तरी हातावर काळानिळा डाग उठतो, कधी कातडीच सोलवटते. ज्या पंजापायी घरच्यांनी पारले-जीचे पुडेच्या पुडे संपवले, तो इथे पहिल्याच दिवशी बाद होतो.

वर्ग चालवणाऱ्या ताईंची रीत सरळ आहे. कुत्र्याने पंजा उचलला की रागवायचं नाही, काही बोलायचंही नाही, फक्त आपला हात मागे घ्यायचा. चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी खाऊ. अंगावर उडी मारून स्वागत करणं, तोंड चाटणं, खाऊच्या आशेने हात हुंगत राहणं, या घरात लाडाने चालवून घेतलेल्या सगळ्या सवयींवर हाच उपाय. कुत्रे दोन-तीन आठवड्यांत समजतात. वेळ लागतो तो घरच्यांना. आजोबा चहाच्या वेळी गुपचूप पंजा मागतात, नातू मागतो, आणि रविवारी कुत्रा पुन्हा जिथल्या तिथे.

थेरपी डॉग म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे बराच घोळ आहे. अंध माणसाला रस्ता दाखवणारा कुत्रा वेगळा. तो एकाच माणसासाठी, दिवसभर, वर्षानुवर्षं राबतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग इथे १९१६ मध्ये तशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. थेरपी डॉग हा घरात वाढलेला, सोफ्याखाली झोपणारा, कुकरच्या शिट्टीला कान टवकारणारा साधा पाळीव कुत्रा. आठवड्यातून एखादा तास तो आपल्या मालकाबरोबर परक्या माणसांकडे जातो आणि त्यांना स्वतःला हात लावू देतो. काम एवढंच. पण परक्याने हात लावलेला आवडणं ही गोष्ट शिकवून येत नाही, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

मैदानावरच्या चाचणीत हे लख्ख दिसतं. एकजण हेल्मेट आणि रेनकोट घालून येतो. दुसरा वॉकर आपटत, पाय ओढत चालतो. भाड्याने आणलेली चाकाची खुर्ची कुत्र्याच्या अगदी जवळून जाते. मागून कोणीतरी स्टीलचं ताट फरशीच्या तुकड्यावर सोडून देतं. तिघं-चौघं एकदम गराडा घालून कुत्र्याच्या पाठीवर, कानांवर, शेपटीवर हात फिरवतात, तेही अनाडीपणाने, कारण मुलं आणि आजारी माणसं तसाच हात लावतात. एक बाई अचानक मोठ्याने रडायला लागतात. नाटकात काम केलेल्या असल्याने त्या हे फार मन लावून करतात. ताट पडल्यावर कुत्रा दचकला तर ताई वहीत काही लिहीत नाहीत. दचकायला हरकत नाही, दचकून सावरायला किती वेळ लागला ते त्या बघतात. दोन सेकंदांत ताटाकडे जाऊन हुंगणारा कुत्रा चालतो. मालकाच्या पायांमागे गेलेला आणि पुढची दहा मिनिटं तिथून न हलणारा चालत नाही.

माझ्यासमोर सुलतान नावाच्या तीन वर्षांच्या लॅब्रेडॉरची पाळी आली. दिसायला राजबिंडा, 'बस' म्हटलं की बसणार, 'थांब' म्हटलं की पुतळा. त्याच्या मालकांनी ऑफिसातून खास सुट्टी काढली होती. सुलतान एकदाही भुंकला नाही, गुरगुरला नाही, आणि नापास झाला. मालकांना ते पटेना. ताईंनी मोबाइलवरचं चित्रण त्यांना संथ गतीत दाखवलं. परका हात डोक्यावर येताच सुलतान जिभेने नाक चाटतो. मान बाजूला वळवतो. डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसायला लागतात. लग्नघरात लांबच्या आत्याबाई गाल ओढतात तेव्हा लहान मूल जसं उभं राहतं, तसा तो उभा होता. "तो गुणी आहे म्हणून सहन करतोय," ताई म्हणाल्या. "दर आठवड्याला सहन करायला लावलं तर एक दिवस तो चावेल, आणि मग सगळे म्हणतील की अचानक चावला."

त्याच सकाळी खारीही आली होती. पावसाळ्यात गटाराच्या कडेला सापडलेली, बिस्किटी रंगाची, एक कान कुरतडलेला, आपली गावठी कुत्री. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी तिला वाढवलेलं. 'थांब' तिला अजून धड येत नव्हतं. पण चाकाची खुर्ची थांबली तशी ती आपणहून तिच्याकडे गेली, बसलेल्या मुलाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि डोळे अर्धवट मिटून घेतले. ताईंनी तिला वर्गात घेतलं. 'थांब' नंतर शिकवता येतं.

इथे जातीचा प्रश्न हटकून निघतो. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या कामात जास्त दिसतात, कारण शिकारीवरून पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी माणसाच्या सांगण्यावर चालणारे कुत्रे पिढ्यान् पिढ्या निवडून या जाती घडवल्या गेल्या. म्हणून प्रत्येक लॅब्रेडॉर चालतोच असं नाही, सुलतानने ते दाखवलंच. गावठी कुत्रा जात्या सावध, परक्यावर चटकन विश्वास न टाकणारा. पण त्यातही खारीसारखे निघतात. जिल रॉबिन्सन यांनी हाँगकाँगमध्ये १९९१ मध्ये 'डॉक्टर डॉग' हा थेरपी कुत्र्यांचा उपक्रम सुरू केला, पुढे चेन्नईच्या 'ब्लू क्रॉस' या प्राणिसंस्थेने तो आपल्याकडे आणला आणि त्यात देशी कुत्र्यांनाही घेतलं. पुण्यातल्या एप्रिलमध्ये हस्की घेऊन वृद्धाश्रमात जाण्याचा हट्ट धरणाऱ्यांना मात्र ताई फोनवरच नकार देतात. त्यांचं बरोबरच आहे.

जातीपेक्षा जास्त फरक पडतो तो लहानपणाचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना, वासांना भेटतं, ते जग त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. या काळात जे राहून गेलं ते नंतर भरून काढायला फार कष्ट पडतात. २०२० आणि २०२१ मध्ये टाळेबंदीत आणलेली कितीतरी पिल्लं घरातल्या तीन-चार माणसांपलीकडे कोणालाही न बघता मोठी झाली. त्यांचे मालक आज वर्गात येतात, कुत्रा घरात अगदी देवमाणूस आहे असं सांगतात, आणि खरंही सांगतात. फक्त दारावरची बेल वाजली की तो देवमाणूस राहत नाही.

आजारी माणसांकडे कुत्रा नेण्याचा हा उद्योग माणसाने मुद्दाम ठरवून सुरू केला नव्हता. फेब्रुवारी १९४४. न्यू गिनीच्या जंगलात अमेरिकी सैनिकांना एका खड्ड्यात यॉर्कशायर टेरियर जातीची चिमुकली कुत्री सापडली. बिल विन या सैनिकाने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. विकणाऱ्याला पत्त्यांच्या डावासाठी पैसे हवे होते. तिचं नाव स्मोकी, वजन जेमतेम १.८ किलो. विनला डेंगी झाला, तो लष्करी इस्पितळात पडला, तेव्हा मित्रांनी करमणुकीसाठी स्मोकीला तिथे नेलं. शेजारच्या खाटांवरचे जखमी तिला बघून उठून बसायला लागले, आणि परिचारिकांनीच विचारलं की हिला बाकीच्या वॉर्डांत नेऊ का. परवानगी देणारे अधिकारी होते मेयो क्लिनिकच्या घराण्यातले डॉक्टर चार्ल्स मेयो. स्मोकी रात्री विनच्या खाटेवर झोपायची आणि दिवसा फेरीवर जायची. पुढे ती खूप कसरती शिकली, पण त्या इस्पितळात तिच्याकडून कोणी कसरती मागितल्या नव्हत्या.

शास्त्राच्या दारात हा विषय नेला न्यूयॉर्कच्या बोरिस लेविन्सन या बालमानसतज्ज्ञाने. त्यांच्याकडे एक अबोल, मिटून गेलेला मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच येऊन पोचला. लेविन्सन यांचा कुत्रा जिंगल्स एरवी रुग्ण यायच्या आत बाहेर काढला जायचा, त्या दिवशी तो खोलीतच होता. तो धावत मुलाकडे गेला, मुलाने त्याला जवळ घेतलं आणि पुढच्या भेटींत कुत्र्याशी बोलता बोलता तो डॉक्टरांशी बोलायला लागला. लेविन्सन यांनी १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या सभेत हे मांडलं तेव्हा हशा पिकला; फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता, असं एकाने विचारल्याचं सांगतात. नंतर फ्रॉइडच्या खोलीतही जोफी नावाची चाऊ जातीची कुत्री रुग्णांसमोर बसलेली असायची, हे लोकांना कळलं आणि हसणं थोडं कमी झालं.

आपल्याकडे या कामाला शिस्त लावणाऱ्यांत मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांचं नाव अगदी पुढे घ्यायला हवं. मुंबईत त्यांनी सुरू केलेल्या 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन'ने कुत्रा घेऊन जाणं आणि कुत्र्याच्या मदतीने उपचार करणं यांतली रेघ आखून दिली. पहिल्यात भेट असते, गप्पा असतात, बरं वाटतं. दुसऱ्यात उपचारतज्ज्ञ हजर असतो, उद्दिष्ट ठरलेलं असतं आणि दर वेळी नोंद होते. दोन्हींची तयारी मात्र एकाच मैदानावर सुरू होते.

त्या तयारीतला एक धडा मी जवळून पाहिला: 'सोड'. आधी मुठीत खाऊ धरायचा. कुत्रा मूठ हुंगतो, चाटतो, दाताने कुरतडून बघतो. कंटाळून त्याने तोंड बाजूला घेतलं की दुसऱ्या हातातला, जास्त चांगला खाऊ द्यायचा. मग खाऊ उघड्या तळहातावर. मग जमिनीवर, पायाने झाकून. मग उघडा. मग वरून सहज पडल्यासारखा. मग चालता चालता वाटेत. खारीला यात बराच काळ गेला, कारण रस्त्यावर जन्मलेल्या जिवाला जमिनीवरचं अन्न सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या साऱ्या शहाणपणावर पाणी ओतणं. पण हा धडा अपुरा ठेवून आत जाता येत नाही. वृद्धाश्रमात खाटेखाली काय सापडेल याचा नेम नाही. निसटलेली आयब्युप्रोफेनची गोळी, पॅरासिटामॉल, नातवाने आणलेलं चॉकलेट, प्रसादाच्या शिऱ्यातला मनुका. मनुका आपल्याला निरुपद्रवी वाटतो, पण कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. शेवटच्या चाचणीत ताई भेळेसारख्या वासाचा कागद खारीच्या पायाशी टाकतात. खारी त्याच्याकडे बघते, मग बाईंच्या तोंडाकडे बघते आणि ओलांडून पुढे जाते. त्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला जरा जास्तच वाटलं तेव्हा; आता वाटत नाही.

बाकीचे धडे त्यामानाने सोपे. ढिल्या पट्ट्यावर चालणं. एका ठरावीक सतरंजीवर जाऊन आडवं होणं. ती सतरंजी मग कुठेही नेता येते आणि पसरली की कुत्र्याला कळतं, आता इथे निवांत पडायचं. गुळगुळीत फरशीवर न घसरता वळणं, लिफ्टमध्ये शांत उभं राहणं. या लिफ्टचं एक गमतीचं दुखणं आहे. विशेष शाळेत ज्याची मुलं वाट बघतात, तोच कुत्रा स्वतःच्या सोसायटीत जिन्याने सात मजले चढतो, कारण लिफ्टबाहेर 'कुत्र्यांना मनाई'ची पाटी. अशी मनाई करता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगून ठेवलं आहे. पाट्या तरीही लागलेल्या आहेत.

अमेरिकन केनेल क्लबने १९८९ मध्ये 'कॅनाइन गुड सिटिझन' नावाची दहा कसोट्यांची परीक्षा सुरू केली आणि बहुतेक ठिकाणचे वर्ग कमीअधिक फरकाने तिच्यावरच बेतलेले असतात. ताईंच्या वर्गाने त्यात देशी भर घातली आहे: फेरीवाल्याची आरोळी, मिक्सर, पितळी घंटा. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत मात्र एकही चाचणी घेत नाहीत. फटाक्यांनी पलंगाखाली गेलेल्या कुत्र्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. परीक्षा घ्यायचीच तर फटाके लावणाऱ्यांची घ्यावी.

यापुढे मालकाचं शिक्षण सुरू होतं आणि खरी गळती तिथे होते. आत गेल्यावर मालकाने रुग्णाशी बोलायचं, पण नजर कुत्र्यावर ठेवायची. हे फार अवघड आहे, कारण समोरचे आजोबा आयुष्यभराची गोष्ट सांगत असतात. कुत्र्याने जांभई दिली, अंग ओलं नसताना झाडलं, पुढचा एक पाय किंचित उचलून धरला, उकाडा नसताना धापा टाकायला लागला, तर ते त्याचं 'आता पुरे' असतं. नॉर्वेच्या तुरिद रुगास या प्रशिक्षिकेने अशा खुणांवर आयुष्य घालवलं आणि त्यांना जगभर ओळख मिळवून दिली. शेपटी हलते आहे म्हणजे कुत्रा खूश, हा आपला ठाम समज; इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की मालक दिसला की शेपटीचा झोका उजवीकडे जास्त जातो आणि दटावणारा परका कुत्रा दिसला की डावीकडे. शेपटीकडे बघून निश्चिंत होण्यापेक्षा सगळं अंग बघा, असं ताई म्हणतात ते यासाठी.

मालकाने आणखीही बरंच शिकायचं असतं. आजार काय, मुलं कुठे असतात, भेटायला येतात का, हे विचारायचं नाही. आत जे ऐकलं ते बाहेर सांगायचं नाही. प्रत्येकाला आधी विचारायचं, 'खारीला जवळ आणू का?', आणि 'नको' म्हटलं की कारण न विचारता पुढे जायचं. कोणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो. कोणाला दमा असतो. कोणाच्या घरात कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात. आणि फोटो काढायचे नाहीत. बाकी सगळ्याला मान डोलावणारे बरेचजण या एका अटीवर वर्ग सोडून जातात, यावरून आपण काय ते समजावं.

खारी आता एका वृद्धाश्रमात दर गुरुवारी जाते. मी गेलो तेव्हा एक आजोबा खुर्चीत बसलेले होते. एसटीत चालक होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला होता आणि फिजिओथेरपिस्ट ताई जो रबरी चेंडू दाबायला द्यायच्या, तो ते रोज खाली टाकून द्यायचे. खारीची सतरंजी त्यांच्या उजव्या बाजूला पसरली. थेरपिस्टनी त्यांच्या उजव्या मुठीत ब्रश बसवला आणि वरून वेलक्रोची पट्टी बांधली. पहिल्यांदा ब्रश खारीच्या पाठीवरून नुसता घरंगळला. दुसऱ्यांदा केसांत रुतला. खारीने मान वळवून ब्रश हुंगला आणि पुन्हा हनुवटी खाली ठेवली. मग कोपरातून निघालेली एक लांब ओढ मानेपासून कमरेपर्यंत गेली. "आमच्या डेपोत एक होता," आजोबा जड जिभेने म्हणाले, "मोत्या. शेवटची गाडी आल्याशिवाय झोपायचा नाही." पुढची ओढ त्यांनी न सांगता मारली. थेरपिस्ट ताई कागदावर आकडे टाकत होत्या. बाई खारीच्या कानांकडे बघत होत्या. काही वेळाने खारी उठली, अंग झाडलं, बाईंकडे पाहिलं. "आजोबा, खारी दमली. पुढच्या गुरुवारी येते." आजोबांचा चेहरा पडला, पण बाई थांबल्या नाहीत.

त्याच दालनात एक आजी असतात. त्यांना सोवळ्याचं फार. त्या खारीला हात लावत नाहीत, जपमाळ सांभाळत लांब बसतात आणि सगळ्यांना सूचना करतात: पाणी द्या हिला, पंख्याखाली घ्या, आज वाळलेली दिसते. गुरुवार चुकला तर कार्यालयात पहिली चौकशी त्यांचीच.

विशेष मुलांच्या शाळेत तर एक छोटी लबाडीही चालते. बोलायला कष्ट पडणाऱ्या मुलाने 'बस' म्हणायचं आणि कुत्र्याने बसायचं, असा स्पीच थेरपीचा तास. मुलाचा 'बस' कधी 'बअ' असतो, कधी नुसता श्वास. कुत्र्याला तो कळणं कठीण. म्हणून कुत्र्याला बोटाच्या अगदी बारीक खुणेवर बसायला शिकवलेलं असतं आणि मालक मुलाच्या मागे उभा राहून ती खूण करतो. आपल्या शब्दाने एवढा मोठा प्राणी बसला हे बघून मूल तोच शब्द पुन्हा म्हणतं, पुन्हा म्हणतं. मला यात फसवणूक दिसत नाही. कॉलरचं बक्कल उघडणं, वाटीत मोजून दाणे टाकणं, ही बोटांच्या व्यायामाची कामं मुलं एरवी टाळतात, कुत्र्यासाठी करतात. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ पासून मुलं कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. अडखळणाऱ्या वाचकाला असा श्रोता लाभणं मोठं भाग्य, कारण तो मध्येच उच्चार सुधारत नाही.

याने माणूस बरा होतो का? कुत्रा आजार बरा करत नाही. भीती, वेदना, एकटेपणा काही वेळापुरता हलका होतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. त्यातल्या पुष्कळ लहान आहेत, आणि खोटी गोळी देऊन तुलना करतात तसा 'खोटा कुत्रा' देता येत नाही, त्यामुळे काटेकोर पुरावा मिळवणं अवघडच. जपानमध्ये मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. तो अभ्यास मालकाचा होता, परक्या रुग्णाचा नव्हे. एवढं लक्षात ठेवलं तर 'कुत्र्याला मिठी मारा, नैराश्य पळवा' छापाच्या मजकुराला भुलण्याचं कारण नाही.

धोकाही सांगायलाच हवा. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये इस्पितळांत जाणाऱ्या कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यावर औषधांना न जुमानणारे जंतू बसून येण्याचं प्रमाण, इस्पितळात न जाणाऱ्या कुत्र्यांपेक्षा जास्त आढळलं. रुग्णांना चाटणारे आणि त्यांच्या हातून खाऊ खाणारे कुत्रे त्यात पुढे होते. चाटणं बंद करायला लावतात ते केवळ शिष्टाचार म्हणून नाही. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याला अनेक संस्था घेतच नाहीत. रेबीजची लस दरवर्षी, लेप्टोची लस, जंताचं औषध, गोचीड-पिसवांची तपासणी, भेटीआधी आंघोळ, नखं कानशीने घासलेली, आणि प्रत्येक रुग्णाने हात लावण्याआधी व नंतर जंतुनाशक. आपल्या कित्येक सरकारी इस्पितळांच्या व्हरांड्यात एक तरी कुत्रा कोणतीही चाचणी न देता कायमचा मुक्कामाला असतो, त्यामुळे हे सारं ऐकून कोणी हसेल. पण ज्याला आपण मुद्दाम हाताला धरून आत नेतो, त्याची जबाबदारी आपली.

लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २०१३ पासून प्रवाशांचा ताण हलका करायला असे कुत्रे फिरतात. मुंबईच्या विमानतळावरही ते आले. तिथपर्यंत ठीक. आता कंपन्यांमध्ये 'पेट डे' होतात, महाविद्यालयांत परीक्षेआधी पिल्लं आणली जातात. आपल्याकडे थेरपी डॉगसाठी सरकारी परवाना नाही, परीक्षा नाही. 'थेरपी डॉग' छापलेलं जॅकेट ऑनलाइन मिळतं, ते कुत्र्याच्या पाठीवर चढवलं की झालं. अमेरिकेतली 'पेट पार्टनर्स' ही संस्था एका वर्षाच्या आतला कुत्रा घेत नाही, तो मालकाकडे निदान सहा महिने राहिलेला असावा लागतो, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम करू देत नाही आणि दर दोन वर्षांनी कुत्रा व मालक या जोडीची पुन्हा परीक्षा घेते. इथे मी चार महिन्यांचं पिल्लू एका कार्यक्रमात दुपारभर हातोहात फिरताना पाहिलं आहे. ते झोपेने कोसळत होतं आणि माइकवरून सांगत होते, बघा किती शांत आहे!

म्हणून वृद्धाश्रम, शाळा आणि इस्पितळं चालवणाऱ्यांना एक विनंती. कोणी कुत्रा घेऊन दाराशी आलं तर आधी लसीकरणाची वही मागा. कुत्र्याचं वय विचारा. त्याची चाचणी कोणी घेतली आणि कधी, ते लेखी घ्या. भेट किती वेळ चालणार हे विचारा. तासापेक्षा जास्त सांगितलं तर नकार द्या. कुत्रा दमला तर भेट मध्येच थांबवाल का, असं विचारा आणि उत्तर देताना समोरचा माणूस कुत्र्याकडे बघतो की कॅमेऱ्याकडे, ते पाहा. यातल्या एका जरी प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही, तर फाटक उघडू नका.